जुनी गाडी, खारा वारा (भाग ६) : उडालेला रंग खरंच उडालेला असतो का?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमेच्या आत त्यांची डागडुजी होते, जुना रंग खरवडला जातो, नवा ऑइलपेंट चढतो. होडीला वरचेवर नवा रंग लागतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. जुन्या मोटारीला मात्र कारखान्यातला रंग एकदाच मिळालेला असतो. तो खरवडून दुसरा मारला की गाडी चकाकते, पण मूळच्या रंगातली म्हणून तिची ओळख तिथेच संपते.

मागच्या भागात पत्र्याचा गंज पाहिला. या आठवड्यात त्याच्यावरच्या रंगाची गोष्ट.

समजा, नागावातल्या एखाद्या वाडीत १९८५ सालची लाल प्रीमियर पद्मिनी उभी आहे. दारं बरी आहेत, पण बॉनेट आणि टप पार गुलाबी पडलेत. बोट फिरवलं की पांढुरकी भुकटी लागते. गॅरेजवाला एक फेरी मारून निकाल देतो, "फुल बॉडी पेंट मारून टाकू." त्याला होकार देण्याआधी दार उघडून बिजागरीजवळची चौकट पुसून बघावी. तिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. चाळीस वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना गाडी जशी होती, तसा गडद लाल रंग तिथे सापडतो. पुढच्या सगळ्या कामाचा नमुना तोच.

बॉनेटवरचा लाल गेला कुठे? रंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारी राळ असते. उन्हातले अतिनील किरण या राळेची बांधणी तोडतात. धरणारं कुणी उरलं नाही की कण सुटे होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, त्याच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग पांढरट दिसू लागतो. उन्हाकडे सपाट तोंड करून असलेल्या बॉनेट-टपाला हा मार सर्वांत जास्त बसतो. पण बऱ्याचदा बिघडलेला असतो तो वरचा अगदी पातळ पापुद्रा. त्याखाली मूळ रंग शाबूत असतो.

हे जुन्या गाड्यांना लागू पडतं, कारण त्यांच्या रंगात रंगद्रव्य तळापर्यंत मिसळलेलं असतं. आपल्याकडे मोटारीच्या रंगाला अजूनही सरसकट 'ड्यूको' म्हणतात. ते मुळात ड्यूपाँट कंपनीच्या लॅकरचं व्यापारी नाव. १९२४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना ते लागलं आणि आठवडेच्या आठवडे चालणारं वाळवण काही तासांवर आलं. नंतरच्या गाड्यांत रंगावर पारदर्शक क्लिअर कोट आला. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. एकदा त्याचे पापुद्रे सुटू लागले की कितीही पॉलिश घासा, उपयोग नाही.

आपली गाडी कुठल्या जातीची, हे एका चिंधीत कळतं. आडबाजूला बोटभर जागेवर पांढऱ्या सुती फडक्याने थोडं पॉलिश घासायचं. फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट नाही आणि मूळ रंग परत येण्याची आशा आहे. फडक्यावर रंग उतरला नाही तर वर क्लिअर कोट असावा.

मग काम सुरू करायचं ते सावलीत, पत्रा गार असताना. किनाऱ्यावरच्या गाडीवर मिठाचे कण बसलेले असतात, त्यामुळे कोरडं फडकं मारलं की ओरखडे आलेच. आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं, चिकटलेला मळ डिटेलिंगच्या क्लेने काढायचा. त्यानंतर तेलकट ग्लेझ जाडसर चोळून रात्रभर मुरू द्यायचं. कोरडा पडलेला रंग ते पितो आणि घासताना कमी झिजतो. सकाळी ते पुसून अगदी बारीक पॉलिशने, एका वेळी वीतभर जागा, हलक्या हाताने घासायची. अर्ध्या बॉनेटवर चिकटपट्टी लावून एकच बाजू घासली, तर फरक तिथल्या तिथे दिसतो. शेवटी मेण.

घाई इथेच नडते. जाड रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन मिळून पाच मिनिटांत काठावरचा रंग अस्तरापर्यंत उतरवतात, आणि गेलेली जाडी परत येत नाही. खोबरेल किंवा रॉकेलचा हात फिरवण्याची जुनी युक्ती दोन दिवस चमक देते, मग त्यावर धूळ बसते. दाराच्या खालच्या कडेला फोड आले असतील तर तो आतून आलेला गंज. तिथे पॉलिशचं काम नाही, पत्र्याचंच काम करावं लागतं.

खारा वारा मेणही लवकर खातो. म्हणून अलिबाग-मुरूडकडच्या गाडीला दर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा नवा हात द्यावा. मांडव्याच्या रो-रो बोटीतून गाडी आणली तर घरी पोचल्यावर खालूनही गोडं पाणी मारावं. झावळ्यांच्या छपराखाली उभी केली तर ऊन टळतं. प्लास्टिकचं कापड मात्र अंगासरशी गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते.

एवढं करूनही नवा रंग द्यायची वेळ आली, तर तो दाराच्या चौकटीतल्या नमुन्याशी जुळवून घ्यावा. रंगाची नोंद आरसीत असते आणि तो बदलायचा तर आरटीओत कळवावं लागतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. नागावच्या त्या पद्मिनीला वयाची ती अट गाठायला २०३५ साल उजाडेल.

(पुढील आठवड्यात : क्रोमचे बंपर आणि हिरवे डाग)