काकवी गाळायला कोणता पंप घ्याल?

काकवी बाटलीत भरून विकायची तर ती स्वच्छ गाळलेली हवी. पंप घेण्याआधी एवढं बघा:

१) विहिरीवरचा मोनोब्लॉक नको. तो पाण्यासाठी आहे, घट्ट काकवी त्याला ओढत नाही.
२) गिअर पंप घ्या. तो सावकाश, पण जोराने ढकलतो. काकवी लागेल तो भाग ३०४ स्टेनलेस स्टीलचा हवा.
३) रिलीफ व्हॉल्व्ह नसेल तर घेऊच नका. फिल्टरचं कापड चोंदलं की दाब वाढतो, पाइप निसटतो आणि तापलेली काकवी अंगावर उडते. ती कातडीला चिकटून खोल भाजते. व्हॉल्व्ह असेल तर दाब वाढताच काकवी मागे फिरते.
४) मळी काढून, जाळीतून गाळूनच काकवी पंपात सोडा. वाळूचे कण गिअर खातात.
५) ७०-८० अंशांवर, गरम असतानाच गाळा. साधा पीव्हीसी पाइप मऊ पडतो, उष्णता सोसणारा फूड ग्रेड वापरा.
६) पंप कोरडा चालवू नका. काम होताच गरम पाण्याने धुवा.

काकवी थोडीच होत असेल तर पंपाचा खर्च नको. उंचावर टाकी, खाली मलमल, एवढं पुरतं.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, तिसगाव