ग्वाल्हेरची परसबाग

ग्वाल्हेरमध्ये बागेला दोन टोकांचे हवामान सोसावे लागते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, तर जानेवारीच्या रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. पाऊस जूनअखेर येतो आणि सप्टेंबरात आटोपतो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि तिचेच लष्कर हे शहर झाले. तेथील मराठी घरांत तुळस, कढीपत्ता, अळू, मोगरा ही मंडळी टिकून आहेत. त्यांचे वेळापत्रक मात्र पुण्याचे नाही.

उन्हापेक्षा घातक ती लू. पश्चिमेकडचा हा कोरडा वारा पानांतले पाणी इतक्या झपाट्याने ओढतो की ओल्या मातीतली मुळेही पुरी पडत नाहीत. भरल्या आळ्यातले झाड दुपारी माना टाकते ते यामुळेच, आणि वर आणखी पाणी ओतले तर मुळे कुजतात. इलाज वाऱ्यावर करायचा: पश्चिमेला कडुलिंबाचा आडोसा किंवा हिरवी जाळी. कुंड्या घराच्या पूर्वेला ठेवल्या की दुपारची सावली मिळते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, म्हणून झाडांना पाणी पहाटेच घालावे.

शहराची तहान मुख्यतः सांक नदीवरच्या तिघरा धरणावर भागते. पाऊस कमी झालेल्या वर्षी नळ एक दिवसाआड येतो. तेव्हा कामी येते ते बिनझिलईचे मडके. ते झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवायचे व तोंड झाकायचे. माती सुकेल तसे पाणी पाझरते. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे थर हवाच. अळूला मोरीचे पाणी पुरते. कूलरच्या तळाचे पाणी मात्र फुकट दिसले तरी झाडांना घालू नये. बाष्पीभवनाने त्यात क्षार साचलेले असतात आणि पानांच्या कडा करपतात. हिरवळीचा हट्ट तर येथे शुद्ध उधळपट्टी आहे.

भाज्यांचा खरा हंगाम ऑक्टोबरपासूनचा. मेथी, पालक, मुळा, कोबी थंडीत उत्तम येतात. पाला, म्हणजे गोठलेले दव, पडण्याचा रंग दिसला की संध्याकाळी हलके पाणी द्यावे आणि तुळस, पपई, कढीपत्त्याची कोवळी रोपे गोणपाटाने झाकावीत.

सुट्टीत ग्वाल्हेरला जाणाऱ्यांनी नातलगांसाठी मे महिन्यात कोकणातली कलमे नेऊ नयेत. पाऊस स्थिरावल्यावर, जुलैअखेर नेलेली कलमे थंडीपूर्वी मूळ धरतात.