अडलेली बाळंतीण आणि दूरची सुईण

बाळंतपणात बाई दगावते ती बहुधा ठरावीक कारणांनी: रक्तस्राव, झटके, जंतुदोष, किंवा मूल आडवे येणे. यांतला रक्तस्राव भारी उतावळा. मूल जन्मल्यावर रक्त थांबले नाही, तर कधी कधी दोन तासांतच सारे आटोपते. ऑक्सिटोसिनचे एक इंजेक्शन आणि ते देणारा शिकलेला हात वेळेवर मिळाला, तर पुष्कळदा जीव वाचतो. म्हणजे पहा, हा प्रश्न औषधाचा थोडा आणि अंतराचाच फार.

हे अंतर केवढे वाढते, ते अफगाणिस्तानात दिसते. तिथे १९७९ पासून लढाई. बदख्शान प्रांतात राघ नावाचा डोंगरी मुलूख आहे. २००२ साली तिथे पाहणी झाली, तेव्हा दर लाख जन्मांमागे सुमारे ६,५०० माता मेल्याचे आढळले. शंभरामागे सहाहून अधिक! या बायांना काही गोळ्या लागल्या नव्हत्या. दवाखाना दूर, वाटा बर्फात बुजलेल्या, आणि पुरुष डॉक्टरपुढे बाईला न्यायला पुष्कळ घरांची तयारी नाही.

मग एक साधी युक्ती निघाली. गावानेच आपली थोडी शिकलेली मुलगी निवडायची, तिने दीड-दोन वर्षे सुईणकाम शिकायचे आणि परत आपल्याच मुलखात राहायचे. गाव तिला ओळखते, रात्रीबेरात्री बोलावते. पाचशेच्या आत असलेल्या प्रशिक्षित सुईणी दहाएक वर्षांत काही हजार झाल्या. साऱ्या देशाचा मातामृत्यूचा आकडा २००२ च्या पाहणीत १,६०० होता. २०२० साठीचा अंदाज सहाशेच्या आसपास आला. अजून फारच, पण उतार खरा.

त्याच २०२० च्या मे महिन्यात काबूलच्या दश्त-ए-बर्ची प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले आणि त्यांनी १६ मातांना ठार केले. पुढल्याच महिन्यात तिथले काम चालवणारी परदेशी वैद्यकीय संस्था निघून गेली.

गुरुजी मंडळींनी पुढचे जरा ध्यानात घ्यावे. २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि सहावीपुढे मुलींच्या शाळा मिटल्या. २०२२ मध्ये विद्यापीठे मिटली. बाईला बाईनेच तपासावे हा आग्रह, आणि तपासणारी बाई घडवायची शाळाच बंद! हा हिशोब कोणत्या पाटीवर जमतो, कोण जाणे. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणकामाचे वर्गही बंद झाले, आणि निम्मा अभ्यासक्रम झालेल्या मुली वह्या घेऊन घरी परतल्या.