बर्फातल्या ताडाची पावणेदोनशे वर्षं

वनस्पतिशोधक रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून पाठवलेली ताडाची रोपं 1849 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पोचली. या जातीच्या बिया त्याआधीच, 1830 मध्ये, वनस्पतिअभ्यासक सीबोल्डने जपानहून हॉलंडला नेल्या होत्या. पण हे झाड काचघराबाहेर, उघड्यावर जगेल असा आग्रह फॉर्च्यूनने धरला. त्याने चीनच्या चुसान बेटावर ते कडाक्याच्या थंडीत उभं असलेलं पाहिलं होतं. त्याच्या खोडावरच्या तपकिरी वाखाचे दोर वळले जात आणि शेतकरी त्याचाच पावसाळी अंगरखा, आपल्या इरल्यासारखा, पाठीवर घेत. 1851 मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या वाढदिवशी वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये यातलं एक रोप लावलं. पुढे या झाडाला नाव मिळालं ‘ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय’.

हा ताड मूळचा डोंगराळ मुलखातला. मुरलेलं झाड उणे 15 अंशांच्या आसपासची थंडी सोसतं, कोवळं रोप मात्र तेवढी सोसत नाही. युरोपातले बागवान एक गोष्ट अनुभवाने शिकले : कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी घातक. ताडाला फांद्या नसतात, शेंड्याला एकच कोंब असतो. त्यात पाणी साचून गोठलं की गाभा कुजतो आणि झाड संपतं. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर पानं वर गोळा करून सैल बांधायची, शेंडा हवा खेळेल अशा कापडाने झाकायचा, बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर द्यायचा. थंडी ओसरली की मधलं, न उघडलेलं टोकदार पान हलक्या हाताने ओढून पाहायचं. घट्ट असेल तर झाड वाचलं. सहज हातात आलं तर गाभा स्वच्छ करून तांब्याचं बुरशीनाशक ओतायचं. नारळाचा कोंब कुजल्यावर बोर्डो पेस्ट लावणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

शंभरेक वर्षांत हा ताड कॉर्नवॉलच्या बागांत, स्वित्झर्लंडच्या तिचिनोतल्या तळ्यांकाठी, काळ्या समुद्रावरच्या बातुमीत आणि पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरही रुजला. मधूनमधून कसोटीचे हिवाळे आले. ब्रिटनमध्ये 1962-63 चा हिवाळा लांबलचक आणि क्रूर होता. डिसेंबर 2010 हा तर तिथला शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर. त्या महिन्यात तिथे लावलेली, मूळची कॅनरी बेटांवरची खजुराची झाडं जागोजागी गेली. ‘टॉर्कीचा पाम’ म्हणून मिरवणाऱ्या, खरं तर ताडकुळातल्या नसलेल्या कॉर्डिलाइनही जमिनीपर्यंत जळाल्या. फॉर्च्यूनचे ताड मात्र बहुतेक ठिकाणी तगले. त्यांची ख्याती खरी ठरली ती या हिवाळ्यात, असं मी मानतो.

थंडीवर मात झाली, पण शत्रू दुसरीकडून आले. आपला नारळ पोखरणारा सोंड्या भुंगा 1990 च्या दशकात स्पेनमध्ये शिरला आणि भूमध्य समुद्राकाठच्या खजुरांवर तुटून पडला. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका मोठ्या पतंगाच्या अळ्या फॉर्च्यूनच्या ताडालाही सोडत नाहीत.

सर्वांत मोठा बदल तिचिनोत झाला. हिवाळे सौम्य होत गेले तशी बागेतल्या झाडांची फळं पक्ष्यांनी रानात नेली आणि सखल भागातल्या पानझडी जंगलाखाली ताडाची रोपं दाटू लागली. बारमाही हिरव्या पानांच्या सावलीत तिथली देशी रोपं उगवेनाशी झाली. पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर झळकणारं हे झाड वनरक्षकांच्या काळजीचा विषय बनलं. 1 सप्टेंबर 2024 पासून स्वित्झर्लंडने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. हा निर्णय मला योग्य वाटतो. झाड कितीही देखणं असलं तरी जंगलाची किंमत देऊन ते वाढवायचं नसतं.

या सगळ्या इतिहासात एका भावंडाकडे आपलं फारसं लक्ष गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. कुमाऊँमध्ये पिथोरागडजवळ, 2000 मीटरहून उंचावर, हिवाळ्यात बर्फ पडतं अशा उतारांवर याच कुळातला ‘ट्रॅकिकार्पस टाकिल’ वाढतो. लष्करी अधिकारी एडवर्ड मॅडनने 1840 च्या दशकातच त्याची नोंद केली होती. सहारनपूरहून गेलेल्या बियांवरून इटलीत वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारीने 1905 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा पुन्हा शोध घेतला तोही गिबन्स आणि स्पॅनर या परदेशी अभ्यासकांनीच. चुसानचा ताड जगभर पसरला, हा मात्र थोड्याशा मुलखात उरला आहे. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी जण कुमाऊँ पाहायला जातात. पिथोरागडला जाणं झालं तर स्थानिक माणसाला सोबत घेऊन हे झाड जरूर बघा. बिया मात्र झाडाखालीच राहू द्या.