दोन सीटचं डिपार्टमेंट, तीन वर्षांचा प्रश्न

रँक आली. मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या पीडीएफ मोबाइलमध्ये येऊन पडल्या. सगळा ग्रुप मेडिसिन, रेडिओ, डर्मा करत बसलाय आणि तुम्ही मात्र ठरवून टाकलंय, एम.डी. सायकियाट्रीच करायची. घरी 'म्हणजे वेड्यांचा डॉक्टर का गं?' हा प्रश्नही एव्हाना दोनदा विचारून झालाय, एकदा आत्याने आणि एकदा चाळीतल्या शेजारच्या काकांनी. त्यांना काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. डॉक्टर हवेत, हे नक्की.

खरी पंचाईत पुढे आहे, चॉइस फिलिंगमध्ये. यादीच्या वरच्या टोकाला परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, सायन. ही नावं कुणीही डोळे झाकून टाकेल. पण रँक तिथपर्यंत पोचत नसेल तर? मग खाली अशी नावं सुरू होतात ज्यांच्यापुढे सीटचा आकडा एक किंवा दोन असतो. एखादं नवं सरकारी कॉलेज, एखादं खासगी, एखाद्या हॉस्पिटलमधला डीएनबीचा कोर्स. ग्रुपवर विचारलं तर उत्तर येतं, 'छोटं आहे रे, सोड' किंवा 'छोटं आहे, मस्त आराम'. ही दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

लहान काय आहे, ते आधी बघा

'छोटं डिपार्टमेंट' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, मोठ्या जनरल हॉस्पिटलमधला लहान सायकियाट्री विभाग. दोन, लहान हॉस्पिटलमधला लहान विभाग. कागदावर दोघांच्याही दोनच सीट, पण आत शिरल्यावर जमीन-अस्मानाचा फरक.

तो समजून घ्यायचा तर परळला एक चक्कर मारा. केईएमच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरियल आहे, वाडियाचं मुलांचं हॉस्पिटल आहे, वाडियाचंच प्रसूतिगृह आहे. म्हणजे कॅन्सरचं निदान ऐकून झोप उडालेला माणूस, शाळेत बोलायचंच थांबवलेलं मूल आणि बाळंतपणानंतर बाळाकडे बघवत नाही असं म्हणणारी आई, हे सगळे एकाच गल्लीत उपचारांसाठी आलेले असतात. सायकियाट्री ही शेजाऱ्यांवर जगणारी शाखा आहे. मेडिसिनच्या वॉर्डातून, आयसीयूतून, लेबर रूममधून 'जरा बघून जा' असा फोन येतो, तिथे तुमचं निम्मं शिक्षण होतं. रात्री अचानक बडबड करायला लागलेला, सलाइन ओढून काढणारा आजोबा मानसिक रुग्ण आहे की त्याचं सोडियम घसरलंय, हे पुस्तकात वाचून कळतं. पण ओळखायला वॉर्डातच शिकावं लागतं.

आपल्याकडे ही शाखा अशीच आली. आधी मनोरुग्णालयं होती, ठाण्याचं १९०१पासूनचं. जनरल हॉस्पिटलच्या आवारात मानसोपचार आणण्याची सुरुवात देशात १९३३मध्ये कोलकात्याला गिरींद्रशेखर बोस यांनी केली आणि १९३८मध्ये आपल्या जेजेमध्ये डॉ. मसानी यांनी असा विभाग सुरू केला. बाकीच्या रुग्णांच्या रांगेतच मनाच्या रुग्णालाही उभं राहता यावं, ही त्यामागची गोष्ट.

तेव्हा सीटचा आकडा बघताना त्या हॉस्पिटलमध्ये चालू स्थितीतला मेडिसिनचा आयसीयू, प्रसूती विभाग, मुलांचा वॉर्ड आणि कॅज्युअल्टी आहे का, तेही बघा. हे सगळं असेल तर दोन सीटचं डिपार्टमेंट अजिबात लहान नाही.

इथे मशीन तुम्हीच

सर्जरी शिकताना हात बघतात, रेडिओलॉजीत मशीन कुठलं आहे ते विचारतात. सायकियाट्रीत मशीन म्हणजे तुम्ही. समोरच्याला काय विचारायचं, कधी विचारायचं, कधी गप्प बसायचं. 'जीव द्यावासा वाटतो का?' हा प्रश्न तोंड न चुकवता कसा विचारायचा. हे सगळं कुणीतरी शेजारी बसून तुमची चूक दाखवली तरच सुधारतं.

लहान विभागाची खरी ताकद इथे आहे. रेसिडेंट मोजकेच असले की केस तुमच्याच वाट्याला येते, मांडावीही तुम्हालाच लागते आणि मागच्या बाकावर लपायची सोय नसते. सर किंवा मॅडम तुम्हाला नावाने ओळखतात, तुम्ही कुठे अडखळता हेही ओळखतात. मोठ्या ठिकाणी ओपीडीची गर्दी अशी असते की फॉलो-अपच्या रुग्णाला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. पण त्या गर्दीतच तुम्हाला दगडासारखा स्थिर बसलेला कॅटॅटोनियाचा रुग्णही दिसतो, जो लहान ठिकाणी वर्षात एखादाच दिसेल.

शिक्षक किती फरक पाडतात याचं उदाहरण परळमध्येच आहे. केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती तपासून बघत होते. १९७३मध्ये त्यावरचा एक निबंध 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकोथेरपी'त छापून आला. त्यावर डॉ. वाहिया आणि डॉ. डुंगाजी यांच्या बरोबरीने एक तरुण नाव होतं, दिलीप जेस्ते. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.बी.बी.एस. होऊन केईएमला सायकियाट्री शिकलेला हा मुलगा पुढे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचा २०१२-१३चा अध्यक्ष झाला. आता प्रत्येकाला अध्यक्ष व्हायचं नसतं. पण तुम्ही बघत असलेल्या विभागाच्या गेल्या काही वर्षांतल्या निबंधांवर रेसिडेंटची नावं आहेत का, हे पबमेडवर दहा मिनिटांत कळतं.

एकाच गुरूची दुसरी बाजू

लहान विभागात एका माणसाची पद्धत हीच तुमची सायकियाट्री होऊन बसते. प्रमुख फक्त गोळ्यांवर भर देणारे असतील तर तीन वर्षांनी तुम्हीही प्रिस्क्रिप्शन लिहिण्यात वाकबगार व्हाल आणि माणसाशी पाऊण तास बोलायची वेळ आली की घाम फुटेल. तीन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली किंवा त्याने नोकरी सोडली, तर विभागाचा एक तृतीयांश भाग गेला. मोठ्या ठिकाणी असं झालं तर फारसं जाणवतही नाही.

यावर उपाय असतो, तो आहे का ते विचारा. रेसिडेंटना बाहेर पोस्टिंगला पाठवतात का? मनोरुग्णालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, मुलांच्या मानसोपचारासाठी? सायकोथेरपी कोण शिकवतं आणि तुमच्या सेशनवर नंतर चर्चा करायला कोण बसतं? स्वतःचा वॉर्ड आहे की नुसती ओपीडी? ईसीटी होते का? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती देता येत नाही, म्हणजे भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी खरंच येतो का, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि ओपीडीत रुग्ण किती? थिसिससाठी ठरलेल्या आजाराचे रुग्णच मिळाले नाहीत, तर तिसऱ्या वर्षी रडायची वेळ येते.

नाइटचं गणित

'छोटं म्हणजे आराम' म्हणणाऱ्या मित्राला कागद-पेन द्या. वर्षाला दोन सीट, म्हणजे तिन्ही बॅच मिळून सहा रेसिडेंट. एक जण तीन महिन्यांच्या जिल्हा रुग्णालयाच्या पोस्टिंगवर. तिसऱ्या वर्षाचे दोघे परीक्षेच्या तयारीत. उरले तीन. म्हणजे दर तिसरी रात्र तुमची, महिन्याला दहा. त्यात एकाला डेंग्यू झाला की दिवसाआड. एकच सीट असेल तर हिशेब करायलाच नको.

२०२३च्या पदव्युत्तर नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली आहे. कागदावर सगळीकडे सारखंच. तुम्ही एवढंच विचारा, 'मागच्या रविवारी तुम्ही कुठे होतात?'

भाषा हाही एक निकष

ऑल इंडिया कोट्यातून दूरच्या राज्यातलं मोठं नाव मिळतंय आणि इथल्या कोट्यातून लहान कॉलेज. काय करायचं? इथे सायकियाट्रीचा नियम बाकी शाखांपेक्षा वेगळा आहे. लालबागची मावशी 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या येतात', 'कशात लक्षच लागत नाही'. कोकणातून आलेला भाऊ हळूच सांगतो, 'बाहेरचं काहीतरी असेल असं घरचे म्हणतात.' या वाक्यांत निदान दडलेलं असतं. परक्या भाषेत ती ऐकायला शिकण्यात वर्ष-दीड वर्ष जातं. जाऊच नका असं नाही, नवी भाषा शिकणारे शिकतातच. पण प्रॅक्टिस शेवटी दादर-गिरगावातच करायची असेल, तर आपल्या भाषेतल्या लहान विभागाला त्याचे मार्क द्यायला हवेत.

चहाच्या टपरीवरचे प्रश्न

वेबसाइटवर सगळीच डिपार्टमेंट्स सुंदर दिसतात. शक्य असेल तर एखाद्या साध्या दिवशी सकाळी जाऊन या. आधी परवानगी घ्या आणि तपासणीच्या खोलीत डोकावू नका. रुग्णाची गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बाहेर थांबा, दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा. पहिल्या वर्षाचा झोपेत असतो, तिसऱ्या वर्षाचा थिसिसमध्ये. चहा तुम्ही पाजा आणि विचारा:

• रात्री दोन वाजता अडलात तर फोन कोण उचलतं? उचलल्यावर ओरडतं की सांगतं?
• गेल्या तीन वर्षांत कुणी सीट सोडली का? का सोडली?
• सिनियरशी पटलं नाही तर कुणाकडे जाता येतं?
• हॉस्टेल मिळतं का? (परळ-दादरला भाड्याने खोली घ्यायची तर स्टायपेंड तिथेच संपेल.)
• पुन्हा निवडायची वेळ आली तर हीच सीट घ्याल का?

आणि एक प्रश्न अवघड आहे, पण विचाराच. तुमच्या एखाद्या रुग्णाने आत्महत्या केली, तेव्हा डिपार्टमेंटने काय केलं?

या शाखेत हे कधी ना कधी बहुतेकांच्या वाट्याला येतं. काल फॉलो-अपला येऊन 'बरं वाटतंय डॉक्टर' म्हणालेला माणूस आज नाही. चांगल्या विभागात त्या दिवशी कुणीतरी तुम्हाला बसवून घेतं, फाइल उघडतं, काय दिसलं आणि काय दिसण्यासारखं नव्हतं ते सगळ्यांसमोर शांतपणे बोलतं. वाईट विभागात पहिला प्रश्न असतो, 'नोट्स कुणी लिहिल्या होत्या?' सहा जणांच्या विभागात चांगलं वातावरण घरासारखं सांभाळतं आणि वाईट असेल तर पळायला कोपरा नसतो. त्या रेसिडेंटने उत्तर देताना खाली बघितलं की थेट तुमच्याकडे, तेही लक्षात ठेवा.

तुम्ही स्वतः आजारी पडलात तर आपल्याच बॉसकडे उपचार घ्यावे लागू नयेत, याचाही विचार आधीच करून ठेवा. बाहेरच्या डॉक्टरचा नंबर हवा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रुग्णांना देतो, तो आपल्यासाठीही आहे.

लॉक करण्याआधी

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. कोर्सची आजची मान्यता, फी, स्टायपेंड खरंच हातात पडतो का, बॉण्ड, सीट सोडल्यास दंड, हे सगळं त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा. डिप्लोमाचा विचार असेल तर जास्तच. परळच्या १९१२पासूनच्या सीपीएसमधून डीपीएम करून निघालेल्या अनेकांनी उत्तम प्रॅक्टिस केली, पण सीपीएसच्या कोर्सेसची मान्यता गेली काही वर्षं वादात आहे. सध्याची स्थिती कौन्सिलकडून तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

मग यादी लावा. हॉस्पिटल मोठं, विभाग लहान आणि शिकवणारे टिकून असलेले, अशी सीट बिनधास्त वर घ्या, नावाला वलय नसलं तरी. हॉस्पिटल लहान पण बाहेरच्या पोस्टिंग पक्क्या आणि रेसिडेंट समाधानी, ती मध्ये ठेवा. जिथे तुम्हाला रेसिडेंटशी एकटं बोलूच दिलं नाही, ती खाली. कट-ऑफने एवढंच कळतं की मागच्या वर्षी कोण कुठे गेलं. तिथे जाऊन त्यांचं काय झालं, ते त्यांनाच विचारावं लागतं. राउंड संपायच्या आत दोन-तीन फोन तरी करून टाका.