चाकाची वाट आणि क्रौंचाचें घरटें

उन्हाळी सुट्टीचे बेत अलीकडे आपल्या मध्यम स्थितीच्या घरांतूनहि हिमालयापलीकडचे होऊं लागले आहेत. काशी-प्रयाग झालें, बदरी-केदार झालें, आतां लेह-लडाख. हें आम्हांस खटकतें असें मुळींच नाहीं. तरुण मंडळींनीं देश पाहावा आणि सोबत घरांतील वडील माणसांसहि न्यावें, हें इष्टच आहे. परंतु तेथील सरोवरांच्या कांठीं मोटार कोठवर न्यावी याविषयीं निघण्यापूर्वीं घरांत चार शब्द बोलले जावेत, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

पॅन्गाँग सरोवराचें नांव आज शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटाचा शेवट त्याच्या कांठीं चित्रित झाला आणि तेव्हांपासून तेथें रीघ लागली. २०२२ सालीं लडाखांत पांच लाखांहून अधिक प्रवासी गेले. त्याच वर्षीं एप्रिलांत कांहीं मंडळी त्या सरोवराच्या पाण्यांतून मोटार पिटाळीत आहेत, आणि पाण्यांतच मेज मांडून त्यावर मद्याच्या बाटल्या ठेवल्या आहेत, अशी एक चित्रफीत देशभर पसरली. लोक संतापले तें योग्यच झालें. पण आमच्या मतें असल्या उनाडांपेक्षां आपणांसारख्या सभ्य कुटुंबांचीच धास्ती अधिक धरावी. उनाड थोडे, सभ्य पुष्कळ. शिवाय आपल्या हातून कांहीं गैर होत आहे अशी शंकाहि सभ्य माणसास येत नाहीं. "आजींना चालवत नाहीं, गाडी जरा पुढें घ्या," एवढेंच तो चालकास सांगतो.

हें 'जरा पुढें' म्हणजे काय, तें पाहूं. पॅन्गाँगच्या दक्षिणेकडे, चांगथांग नांवाच्या उंच पठारावर त्सो मोरीरी आणि त्सो कार अशीं दोन सरोवरें आहेत. 'त्सो' म्हणजेच सरोवर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें १५ हजार फूट. रामसर करारान्वयें पहिल्यास २००२ सालीं व दुसऱ्यास २०२० सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. (रामसर हें इराणांतील एक गांव, तेथें १९७१ सालीं हा करार झाला. प्रभु रामचंद्राशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें आम्हांस आमच्या नातवास समजावून सांगावें लागलें.) पाऊस तेथें नाममात्र. बर्फ वितळून येणारें पाणी आणि जमिनींतले झरे यांवर सरोवराच्या कांठीं कांहीं ठिकाणीं आंखूड गवताचीं ओलीं कुरणें टिकून आहेत. दुरून पाहणारास वाटतें, छान हिरवें मैदान आहे, मोटार उभी करण्यास याहून चांगली जागा कोणती? प्रत्यक्षांत तें मैदान नव्हे. ती मुळांच्या जाळ्यानें विणलेली एक गादी आहे, आणि ती पाणी धरून ठेवते.

माणसांनीं भरलेल्या मोटारीचें वजन दोन टनांच्या घरांत जातें. तिच्या चाकाखालीं गादी चेपते, मुळें तुटतात आणि चाकोरी पडते. मग त्या चाकोरींतून पाणी वाहून जातें व शेजारचें न तुडविलेलें गवतहि वाळूं लागतें. आपल्याकडे पावसाळ्यांत माळावर उमटलेली गाडीवाट पुढच्या वर्षीं गवतानें बुजून जाते. तेथें गवत वाढण्याचे दिवस वर्षांतून तीन-चार महिने, त्यामुळें एक ओरखडा वर्षानुवर्षें तसाच राहतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, मागून येणारास पहिल्या चाकोरींत चिखल दिसतो, म्हणून तो दोन हात बाजूनें जातो. तिसरा त्याच्याहि बाजूनें. याप्रमाणें एका वाटेच्या दहा वाटा होतात, आणि त्यांत प्रत्येकानें आपलें असें थोडेंच नुकसान केलेलें असतें.

या कुरणांत काळ्या मानेचा क्रौंच घरटें करितो. ज्या क्रौंचाच्या वधानें आदिकवीस श्लोक स्फुरला तो सारस असावा असें पुष्कळ अभ्यासक मानतात. हा त्याचाच डोंगरी भाऊबंद. चार-साडेचार फूट उंच, अंग राखी-पांढरें, मान काळी आणि माथ्यावर तांबडा ठिपका. २०२१ सालीं लडाखनें यास आपल्या प्रदेशाचा पक्षी ठरविलें. भारतांत याची वीण लडाखांतच होते, आणि तीहि थोड्याच जोड्यांची. मादी बहुधा दोन अंडीं घालते, त्यांतून पुष्कळदां एकच पिल्लूं वाढतें. अंडीं उबविण्यास महिना लागतो, पिल्लूं उडण्याजोगें होण्यास आणखी सुमारें तीन महिने. हेच महिने आपल्या सहलींचे! मोटार जवळ आली कीं पक्षी घरट्यावरून उठतो. थंडींत अंडें निवतें, नाहींतर डोमकावळा तें नेतो. प्रवाशांच्या उष्ट्यावर पोसलेलीं मोकाट कुत्रीं पिल्लांस मारतात, तो आणखी निराळा घात.

दूर देशच्या पक्ष्यांचें आम्हांस काय, असें कोणी म्हणूं नये. हिंवाळ्यांत भिगवणाजवळ उजनीच्या जलाशयावर जे चक्रवाक आणि पट्टकादंब आपण हौसेनें पाहतों, त्यांच्या जाति लडाख-तिबेटाकडच्या अशाच पाणवठ्यांवर अंडीं घालतात. आणि पक्षी सोडून दिले तरी माणसें आहेतच. चांगपा नांवाचे मेंढपाळ याच कुरणांवर याक, मेंढ्या व पश्मिन्याच्या बकऱ्या चारतात. प्रवासी सायंकाळीं लेहच्या बाजारांत ज्या शालीसाठीं घासाघीस करितो, तिची लोंकर ज्या गवतावर पिकते त्यावरूनच त्यानें सकाळीं मोटार नेलेली असते.

यावर, रस्ता नीट आंखलेला नाहीं, हा दोष सरकारचा, असें एक उत्तर येतें. तें अर्धें खरें आहे. पाणथळ जागांविषयीं २०१७ चे नियम आहेत, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. परंतु १५ हजार फुटांवर प्रत्येक कांठाशीं शिपाई कोण उभा करणार? मोटारी थांबविण्यास ठरलेली जागा, तिच्यापुढें मोठ्या धोंड्यांची एक ओळ, आणि तेथून पायवाट, एवढ्यानें पुष्कळ काम होईल. धोंडेच म्हणावयाचें कारण, चर खणला तर तोच कुरणाचें पाणी काढून नेईल. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या हंगामांत मोटारी लांब उभ्या करून लोक पुढें जातात. आरंभीं कुरकुर झाली असेल, पण फुलें पाहावयाचीं कोणाचीं राहिलीं नाहींत.

आतां आजींचा प्रश्न. तो खोटा नाहीं. त्या उंचीवर धडधाकट माणसासहि धाप लागते, मग सत्तरीच्या माणसास पाऊण मैल चाल म्हणणें क्रूरपणाचें होईल. परंतु हा पक्षी भला थोरला असून उघड्यावर चरतो. मोटार रस्त्यावर ठेवून आंत बसल्या बसल्या दुर्बिणींतून त्याची मान, माथा, पिल्लूं सारें दिसतें. उलट जवळ गेलें तर दिसते ती त्याची पाठ. तेव्हां सामानांत एक बरीशी दुर्बीण घ्यावी, आणि लेहमध्यें भाडें ठरवितांनाच चालकास स्पष्ट सांगावें कीं, आमची गाडी मळलेल्या वाटेखालीं उतरवूं नका. बिचारा बक्षिसाच्या आशेनें आणि पाहुण्यांच्या आग्रहापुढें उतरवितो. त्याचें बक्षीस त्यास न उतरविल्याबद्दल द्यावें, आणि तें आजींच्या हातून द्यावें.