दोन स्टेशनांवरचे पाणी

दिवा स्टेशनच्या फलाटावरून पोहायला शिकण्याच्या दोन वाटा निघतात आणि दोन्ही रुळांवरून जातात. ठाण्याच्या दिशेला मुंब्रा ओलांडले की कळवा. तिथे ठाणे महापालिकेचा यशवंत रामा साळवी तरणतलाव आहे. कल्याणच्या दिशेला कोपर सोडले की डोंबिवली, आणि तिथे सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलातला तलाव. अंतर दोन्हीकडे सारखेच, दोन स्टेशनांचे. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, मग तक्रार कसली?

तक्रार समजायची तर आठ वर्षांच्या पोराचा हात धरून सकाळी त्या फलाटावर उभे राहावे लागते. डोंबिवलीला जाताना गाडी रिकामी मिळते. परतताना मात्र ऑफिसच्या गर्दीत घुसायचे आणि दिव्याला, चढणाऱ्यांचा लोंढा अंगावर घेत, उतरायचे. कळव्याला जायचे तर ही गर्दी जातानाच भेटते आणि वाटेत मुंब्र्याचे ते वळण येते. 9 जून 2025 रोजी याच वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचे प्राण गेले. पोहणे हे जीव वाचवण्याचे शिक्षण आहे, असे आपण मुलांना सांगतो. ते घेण्यासाठी त्यांना कुठून न्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

दिव्याला काहीच वेळेवर मिळालेले नाही, हे तसे जुनेच गाऱ्हाणे. 2 जानेवारी 2015 ला प्रवाशांच्या संतापाचा स्फोट झाला, रूळ अडवले गेले, आणि जलद लोकल इथे थांबू लागली ती 2016 च्या डिसेंबरात. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात पडत राहिला आणि 2023 मध्ये बंद झाला. आता बुलेट ट्रेनचे ठाणे स्टेशन शेजारच्या म्हातार्डी परिसरात होणार आहे. अशा गावात तरणतलाव मागणाऱ्याकडे लोक जरा चमकूनच बघतात. ‘अहो, प्यायला टँकर मागवतो आम्ही, आणि तुम्हाला पोहायला पाणी हवे?’

प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा साधा तलाव घेतला, तर त्यात सुमारे 4 लाख 70 हजार लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे 47 टँकर. आकडा ऐकून छातीत धस्स होते खरे. पण हे पाणी रोज बदलायचे नसते. गाळणयंत्रातून तेच पाणी दर काही तासांनी फिरते, त्यात क्लोरीन पडते, आणि रोज भर घालावी लागते ती वाफ झालेल्या, अंगाबरोबर बाहेर गेलेल्या आणि गाळणी धुण्यात खर्ची पडलेल्या पाण्याची. तेव्हा तलाव अडतो तो पाण्यापायी कमी आणि जागेपायी जास्त.

जागेची कथा आपल्याकडे सगळीकडे एकाच चालीवर चालते. विकास आराखड्यात आरक्षण पडते. जमीन खासगी मालकाची असते, भूसंपादनाला पैसा नसतो, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे आताच्या तरतुदीप्रमाणे 24 महिन्यांत, पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. दिव्यासारख्या ठिकाणी मालकाने नोटीस देण्याचीही गरज उरत नाही. मोकळ्या जमिनीवर त्याआधीच चाळी उभ्या राहतात. ठाण्याचा आराखडा 1999 मध्ये मंजूर झाला आणि नव्याचा मसुदा लोकांपुढे आला तो 2024 मध्ये. मधली पंचवीस वर्षे मोजा.

त्यातून जागा मिळून तलाव झालाच, तर पुढची रड वेगळी. नारळ फोडायला निधी निघतो. क्लोरीनला, वीजबिलाला आणि जीवरक्षकाच्या पगाराला निघत नाही. दुरुस्तीसाठी म्हणून रिकामा केलेला आणि मग तसाच पडून राहिलेला तलाव पाहिला नाही, असा नागरिक या राज्यात सापडणे कठीण.

रस्ता दहा वर्षे रखडला तर अकराव्या वर्षी तोच माणूस त्यावरून जातो. तरणतलावाचे तसे नाही. 2015 मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा 2025 मध्ये अठराचा झाला. त्याच्यासाठी तलाव रखडला नाही, झालाच नाही. करोनात 2020 आणि 2021 चे उन्हाळे कोरडे गेले, तेव्हा शिकायच्या वयाची एक अख्खी तुकडी अशीच निसटली. आणि दिव्याचा मुलगा पाण्यापासून दूर राहतो म्हणावे, तर तेही नाही. एका अंगाला खाडी आहे, वाळू उपशाने तिचा तळ कुठे किती खोल गेला आहे याचा अंदाज काठावरून येत नाही. सुट्टीत पोरे तिकडे जातातच. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद दर वर्षी तीस हजारांच्या वर जाते.

आगरी-कोळी घरांतली मागची पिढी तलावावर नाही, खाडीत आणि गावच्या तळ्यात पोहायला शिकली. कमरेला रिकामा डबा बांधून काकाने ढकलले की झाले. ते पाणी आज त्या लायकीचे राहिले नाही, आणि चाळीत राहायला आलेल्या कुटुंबांत ढकलणारा काकाही नाही.

बांगलादेशने मात्र त्या काकाचीच पद्धत शहाणपणाने उचलली. तिथल्या ‘स्विमसेफ’ उपक्रमात गावच्या तळ्यात बांबूचा मंच बांधून, आखलेल्या चौकटीत, गावातल्याच प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली 4 ते 12 वर्षांच्या मुलांना शिकवले गेले. शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. संगमरवरी फरशी नाही, कोनशिला नाही.

ठाणे महापालिकेच्या तलावांच्या यादीत दातिवली आहे, देसाई आहे, खिडकाळी आहे. शहराचा तरणतलाव हवाच, ती मागणी सोडण्याचे कारण नाही. पण तो होईपर्यंत यातल्या एका तळ्यावर बांबूची चौकट बांधता येईल का, हे तरी कुणी पाहावे. त्यासाठी आधी तळ्यात येणारे सांडपाणी अडवावे लागेल, पाणी तपासावे लागेल आणि तपासणीचा निकाल काठावर फळा लावून लिहावा लागेल. फेब्रुवारीत सुरुवात केली तर एप्रिलात परीक्षा संपेपर्यंत निदान हे तळे चालेल की नाही, एवढे तरी कळेल.